तिरडीचे बांबू

आधी कोयता पडला, मग फांदी पडली आणि मग धुळाजी पडला. तिन्ही एकाच जागी पडले, हेच वाईट झालं.

मनकर्णा बाभळीखाली उभी राहून लोकर कातत होती. धनगराच्या बाईचा हात रिकामा नसतो. चालताना, बोलताना, मेंढरामागं हिंडताना सूत काढायची लाकडी चाती फिरतच असते. वरून नवरा फांद्या तोडून टाकत होता आणि खाली मेंढरं त्यावर तुटून पडत होती. चैत्र सरत आला होता. माळावर गवताचं बूडसुद्धा उरलं नव्हतं. बाभळीच्या शेंगा आणि हिवराचा पाला, एवढ्यावरच कळप उभा होता. धुळाजी कोरड्या फांदीवर पाय देऊन शेंड्याकडं वाकला, आणि फांदीनं त्याला दगा दिला.

मेंढरं बाजूला पांगली तेव्हा तिला तो दिसला. डाव्या पायाची नळी गुडघ्याखाली मोडून हाड कातडीबाहेर आलं होतं. वर मांडीत कोयत्यानं खोल घाव केला होता आणि त्यातून रक्त उसळ्या मारत होतं.

धुळाजीची म्हातारी आई, ताराबाई, पालातून धावत आली आणि छाती बडवायला लागली. "हाळद आन गं! हाळद भर!"

"हाळद कुटं भरू आत्याबाई? वाहून चाललीया समदी."

मनकर्णेनं नवऱ्याच्या कमरेची गोफण ओढून काढली. घावाच्या वर, जांघेजवळ तिचे दोन वेढे दिले, गाठीत चाती खुपसली आणि पीळ द्यायला लागली. लोकरीला देतात तसाच पीळ. गोफण मांसात रुतत गेली. धुळाजी ओरडला, मग ओरडायचा थांबला. रक्ताची उसळी बसली आणि नुसतं पाझरणं उरलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण मेंढरांचे मोडलेले पाय तिनं जन्मभर बांधले होते, आणि माणसाचा पाय मेंढराहून फार निराळा असेल असं तिला वाटलं नाही. फांद्या ओढायच्या आकडीचा दांडा तिनं मधोमध तोडून घेतला. दोन्ही तुकड्यांना लोकर गुंडाळली, पायाच्या दोन्ही अंगांना लावली आणि नवऱ्याचा तांबडा पटका फाडून वर-खाली करकचून बांधला. बाहेर आलेल्या हाडावर धुतलेल्या लुगड्याची घडी ठेवली. आत ढकलायचा धीर तिला झाला नाही, आणि तेच बरं झालं.

"बीडला न्यावं लागंल," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. हाडवैद्याचं काम न्हाई ह्ये."

बीड तिथून दोन-तीन कोस. धुळाजीचा धाकटा भाऊ बंकट गावात गाडी मागायला पळाला आणि हात हलवत परत आला. चेहरा पिठासारखा झाला होता.

"गाडी देत न्हाईत. बाज बी देत न्हाईत, वैनी. म्हन्ले, पाटलाला खाल्लंत, आता तुमचं तुमी बगा."

गावाचा राग तसा नवा होता, परवाचाच. अर्जुनराव पाटलानं शेतात मेंढरं बसवायला नेकनूरकडून ही धनगरं स्वतःच बोलावून घेतली होती. लेंडीखत हवं होतं. पण मेंढरं कडब्याच्या गंजीत शिरली आणि पाटलाचं डोकं फिरलं. त्यानं धुळाजीचं गचांड धरलं, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि शिवी अर्धी असतानाच गप्प झाला. खाली बसला. धुळाजीच्या मांडीवर डोकं टेकलं आणि गेला. माणसं धावत आली तेव्हा पाटील धनगराच्या मांडीवर मरून पडलेला होता, आणि धनगर त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसला होता. त्यानं मंतर घातला, भंडारा टाकला, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला एकदा ठरवायचं म्हटलं की वेळ लागत नाही.

मग आता न्यायचं कशावर? पाठीवर घ्यावं तर पाय लोंबणार, पीळ सुटणार. घोंगडं होतं, पण त्याला दोन लांब सरळ दांडे हवेत. बाभळीत सरळ काही नसतं. हातातल्या काठ्या छातीएवढ्या, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीच्या मेखा हातभर. मनकर्णेनं सगळा माळ नजरेनं पालथा घातला आणि तिची नजर खाली बिंदुसरेच्या कोरड्या पात्राकडं गेली. तिथं काल संध्याकाळी धूर होता.

तिरडीचे बांबू जाळत नाहीत तिथं. मढं सरणावर ठेवलं की तिरडी सोडतात आणि बांबू बाजूला टाकून देतात. मग त्यांना कुणी हात लावत नाही. कुंपणाला नाही, मांडवाला नाही, चुलीत तर नाहीच. पावसाळ्यात नदी येते आणि घेऊन जाते, तोवर ते तिथंच पडून असतात.

"भावजी, तुमी हितं बसा," ती बंकटला म्हणाली. "पीळ सैल पडू देऊ नगा. मी दांडं घिऊन आले."

मसणवटीत ऊन नुसतं उभं होतं. वारा नव्हता. राखेचा ढीग वरून पांढरा झाला होता, पण जवळ गेल्यावर पायाला धग लागली. फुटलेल्या मडक्याची खापरं पडली होती. एरवी अशा जागी कुत्री असतात, कावळे असतात. आज काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याचंच मनकर्णेला भय वाटलं. बांबू राखेपलीकडं पडले होते, ओले हिरवे, कालच तोडलेले. त्यांच्याकडं जाताना तिला वाळूत पावलं दिसली. अनवाणी, लहान, बाईची पावलं. ती राखेभोवती फिरली होती. एकदा नाही, पुष्कळदा. वाळूत वाट पडली होती. मसणात बाई येत नाही. मनकर्णा आली होती ती जिवावर उदार होऊन. मग ही कोण?

तिनं वर बघितलंच नाही. बांबूंवरच्या सुतळ्या तोडल्या, गुलाल वाळूनं घासला, डोक्यावर घेतले आणि मागं न पाहता चढण चढली.

घोंगडं दोन्ही बांबूंवरून दुमडून तिनं दाभणानं शिवलं. बंकट धुळाजीचं तोंड पुसण्यात होता. त्यानं विचारलं, "कुटलं गं वैनी?"

"नदीतलं."

हे खोटं नव्हतं. ताराबाईनं मात्र बांबूंच्या टोकांकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. सगळं तिला कळलं. तिनं भंडाऱ्याची पिशवी उघडून मुलाच्या कपाळाला, बांबूंना आणि सुनेच्याही कपाळाला भंडारा लावला आणि मेंढरं सांभाळायला मागं राहिली. बांबूंच्या टोकांना दोरीचे फास करून ते दोघांनी खांद्यांवर घेतले, म्हणजे सगळा भार हातांवर येणार नाही. पुढं बंकट, मागं मनकर्णा. डोकं तिनं पुढं ठेवायला लावलं. पाय पुढं करून जिवंत माणूस नेत नाहीत.

भर दुपारची वाट, माणूस नाही. मधूनमधून उतरवून ती चाती जराशी सैल करी, पावलाला हात लावून बघे, रक्त वाढलं की पुन्हा पीळ देई. पाऊल गार लागत होतं. धुळाजीचे डोळे अर्धे उघडे होते, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या मागं, वाटेकडं बघत होता. एकदा ती मान वळवून बघणार होती. नाही बघितलं.

बंकटच्या हाताला घाम सुटला. घोंगड्याच्या दुमडीतून त्याचा पंजा लाल झाला. आधी त्याला भावाचं रक्त वाटलं. मग त्यानं हात नाकाशी नेला.

"वैनी, ह्ये रगत न्हाई. गुलाल हाय."

तिनं बांबू पुढं रेटले.

"कुनाची तिरडी ही? वैनी, कुनाची?" आणि उत्तराची वाट न बघता त्याला कळलं. काल एकच मढं गेलं होतं, पाटलाचं. "आरं देवा! ज्यानं धरलं त्याच्याच तिरडीवर घातलंस दादाला? आपन न्हेत न्हाई, त्योच न्हेतोय दादाला!"

"भावजी, पाया पडते. वेळू हायत नुसतं. चला."

बंकटनं भावाला हळूच खाली ठेवलं, अगदी जपून. फास खांद्यावरून काढला आणि आल्या वाटेनं पळत सुटला. तो वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि त्या दुपारी मनकर्णेला वाईट माणूस परवडला असता.

ती एकटी उरली. पुढचं टोक उचलून ओढून पाहिलं. मागून पाय दगडांवर आपटायला लागले आणि धुळाजी कण्हला. तिला रडू आलं. ती रस्त्यात बसून मोठ्यानं रडली, कुणी ऐकायला नव्हतं म्हणून मोकळी रडली.

"उचल," मागून कुणी म्हणालं.

एक बाई उभी होती. कपाळ पुसलेलं, हात मोकळे, पायांना घोट्यापर्यंत राख. बायनाबाई. पाटलाची बायको.

"पाटलीणबाई? तुमी हितं कशा?"

"तू वेळू न्हेलंस तवा बांधाआड बसलेली व्हते. तवापस्नं मागं हाय तुज्या." तिचा आवाज सपाट होता. "घरी निजल्यात समदे. सुतकातल्या बाईकडं कोन बगतंय? उचल."

"तुमच्यासारखीनं..."

"मला काल येऊ दिलं न्हाई. उंबऱ्यातच धरून ठिवलं चौघींनी. खांदा तर लांबच, हात बी लावू दिला न्हाई." तिनं पुढचा फास खांद्यावर घेतला. "आता लावते. उचल म्हन्ले ना."

दुसरा कुणी येणार नव्हता. मनकर्णेनं मागचं टोक उचललं.

पाटलीण चालायला चांगली होती. मोठ्या घरची म्हणून मनकर्णेला वाटलं होतं, दम लागेल. पण तिला दमच लागत नव्हता. ती चालता चालता बोलत होती, मागं न बघता, हळू आवाजात. "सांबाळून जाऊ हां. खड्डा हाय. ऊन लागतंय का? वाईच थांबा, झाड आलं की टेकू." मनकर्णेला आधी वाटलं, धुळाजीची चौकशी चालली आहे. मग लक्षात आलं, बायनाबाई अहो-जाहो करत होती. पाटलीण धनगराला अहो-जाहो करत नाही.

आणि मग धुळाजीनं घसा खाकरला. दोनदा, रुबाबात, बोलण्याआधी पाटील खाकरायचा तसा.

"सारजा," तो म्हणाला. "कडबा झाक गं. आभाळ आलंय."

आभाळ कुठंच नव्हतं. बायनाबाई थांबली.

"सारजा कोन?" मनकर्णेनं विचारलं.

"मी." तिनं फास खांद्यावर सारखा केला. "माह्यारचं नाव माजं. लग्नात बायना ठिवलं. गावात कुनाला ठावं न्हाई ह्ये नाव. ह्ये एकलेच म्हनायचे. कवातरी. दार लावल्यावर."

मनकर्णेनं मनाशी हिशेब लावला: पाटील मरताना नवऱ्याच्या मांडीवर होता. तोंडाशी कान होता. तेव्हा म्हणाला असेल, सारजा, कडबा. ते यानं ऐकलं असेल आणि आता वातात बरळतो आहे. एवढंच. हिशेब बरोबर होता. पण तो घसा खाकरणं हिशेबात बसत नव्हतं.

"अजून काय?" बायनाबाई पुढं बघतच विचारत होती. "बोला. शेवटाला काय म्हन्लात? मला कुनी सांगत न्हाई. सांगा."

"घरी चल," धुळाजी म्हणाला. आवाज जड होता, त्याचा नव्हताच. "घरी चल, सारजा."

पुढं वाट फुटत होती. एक फाटा गावाला वळसा घालून जात होता, दुसरा बीडला. बायनाबाई गावाच्या फाट्याकडं वळली. बांबू वळले, मनकर्णाही ओढली गेली.

"तिकडं न्हाई, पाटलीणबाई! बीड हिकडं!"

"ह्यांना घरी जायचंय."

"आवं, ह्ये माजे मालक हायत!" असं मनकर्णेच्या अगदी ओठांवर आलं, आणि तिनं ते गिळलं. तसं म्हटलं की ही हातातलं सोडून देईल, कायमचं. मग इथं, या फाट्यावर, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपेल. पाऊल निळं पडलं होतं. चातीला पीळ देऊन देऊन गोफणीचा पट्टा उसवायला आला होता. एवढी वर्षं संसार केलेला नवरा दोन बांबूंवर पडला होता, आणि तो कुणाचा यावर भांडायला तिच्याकडं सवड नव्हती.

"न्यायचंच हाय घरी," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "पन आसं मोडक्या पायानं न्हेता व्हय? आदी दवाखाना. पाय नीट झाला की न्या तुमी. मी आडवी येनार न्हाई."

"सबूद?"

"सबूद."

धुळाजीच्या ओठांवर हसू आल्यासारखं वाटलं. मनकर्णेनं तोंड फिरवलं. तिला स्वतःची किळस आली, आणि त्याच वेळी बांबू बीडच्या वाटेला वळले म्हणून बरंही वाटलं.

बीड जवळ आलं तसे लोक भेटायला लागले. बाजार करून निघालेला एक म्हातारा बाजूला झाला, पायतण काढून हात जोडून उभा राहिला. मढ्याला वाट देतात तशी. कुणीच विचारलं नाही, काय झालं. दोन बायका खांदा देऊन चालल्या आहेत, हे बघून लोक नजर खाली घालत होते. वेशीच्या कमानीतल्या शिपायानं सुद्धा हटकलं नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर त्यांनी त्याला टेकवला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरत होतं. कंपोंडर बाहेर आला. चांगला माणूस होता. पायाकडं बघून त्यानं जीभ टाळ्याला लावली, चाती निरखली आणि आत डॉक्टरांना हाक दिली.

"नाम क्या है मरीज का?" त्यानं सरकारी सवयीनं उर्दूत विचारलं, मग बायकांकडं बघून तो मराठीत म्हणाला, "नाव सांगा बाई, लवकर."

मनकर्णेनं पदर पुढं ओढला. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. अशा वेळी सोबतचं कुणी सांगतं, दीर, शेजारीण, कुणीही. तिनं बायनाबाईकडं बघितलं. परक्या बाईला त्याचं नाव घ्यायला कसली आडकाठी?

बायनाबाईनं मान खाली घातली होती. तिनंही पदर पुढं ओढला होता. नवऱ्याचं नाव विचारल्यावर बाई जशी लाजते, तशी ती लाजली होती.

कंपोंडर या पदराकडून त्या पदराकडं बघत राहिला. "अरे, बायको कोण याची?"

ओट्यावर धुळाजीनं घसा खाकरला. एकदा. आता दुसऱ्यांदा खाकरेल आणि स्वतःच काहीतरी नाव सांगेल, हे मनकर्णेला कळलं. आणि ते कुठलं नाव असेल, तेही कळलं. ते एकदा इथं उच्चारलं की मग तिला आपला माणूस कुठून परत मागता येणार होता?

ती खाली वाकली. दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं, आणि दिला सबूद मोडून, जन्मात घेतलं नव्हतं ते नाव माळावर मेंढराला हाळी द्यावी तसं मोठ्यानं घेतलं.

"धुळाजीऽऽ!"

दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. तिला शरम वाटली नाही. "धुळाजी! ए धुळाजी! ओ दे!"

त्याच्या गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं झालं. पापण्या हलल्या. मग डोळे तिच्यावर येऊन टेकले. दुपारपासून पहिल्यांदा, तिच्या मागं नाही, तिच्यावर.

"ओ," तो म्हणाला. आवाज बारीक आणि फाटका होता, पण त्याचा होता. "मेंढरं कुटं हायत गं?"

मनकर्णा ढसाढसा रडली. माणसं त्याला उचलून आत घेऊन गेली. बऱ्याच वेळानं कंपोंडर सांगून गेला की पाय राहील, पण वाकडा राहील. जीव मात्र आहे.

ती बाहेर आली तेव्हा बायनाबाई ओट्याखाली बसून दाभणाचे टाके उसवत होती. घोंगडं घडी करून तिनं बाजूला ठेवलं होतं. बांबू मोकळे झाले होते.

"पाटलीणबाई, मी सबूद दिला व्हता..."

"त्वा तुजा न्हेला," बायनाबाई म्हणाली. रागानं नाही. "मी माजा न्हेते."

"ह्ये वेळू आता कशाला? पडू द्या हितंच. आंधार पडंल, एकल्या कशा जाताल?"

ती बांबूंच्या मधे शिरली, पुढचा फास खांद्यावर घेतला, दोन्ही टोकं हातांत धरली आणि चालायला लागली. मनकर्णा कमानीपर्यंत तिच्यामागं गेली आणि तिथं थांबली.

बांबू चांगले लांब होते. मागची टोकं मातीत घासत जायला हवी होती, रस्त्यावर दोन रेघा उमटायला हव्या होत्या. रेघा उमटत नव्हत्या. मागची टोकं पुढच्यांइतकीच वर, सरळ चालली होती. आणि बायनाबाई मधूनमधून मान मागं वळवून मायेनं सांगत होती, "सांबाळून हां. खड्डा हाय."